रंग सांगा, ताई

सोपानतात्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या गाडीखाली बघतात.

नेऱ्याला आम्ही भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा मी हात जोडून, चेहऱ्यावर चांगल्या भाडेकरणीचं हसू आणून अंगणात उभी होते. नवरा गाडीला कुलूप लावत होता. गाडी म्हणजे आमची आपली जुनी, आमच्याआधी दोन संसार बघून आलेली. गोठ्यातून एक उंच, वाळका म्हातारा आला, आमच्या नमस्काराला वळसा घालून थेट गाडीशी गेला आणि उकिडवा बसला. इंजिनाखाली हात घातला, बोटांवर काहीतरी चोळलं, नाकाशी नेलं आणि तेच बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"रंग सांगा, ताई."

"अं?"

"तेलाचा रंग वो. सांगा बरं."

"काळा," मी म्हटलं. परभणीहून निघून, हिंजवडीच्या कंपनीत संगणकासमोर बसायला लागल्यावर असली तोंडी परीक्षा द्यावी लागेल असं काही वाटलं नव्हतं.

"काळं म्हंजी इंजिनचं. ते चालायचंच. लाल असतं तर इस्टेरिंगचं, ते लई वंगाळ. खोली वर हाय. जिन्यात डोस्कं सांभाळा."

झालं, आम्ही पास. नोकरी कुठली, गाव कुठलं, घरात मटण शिजवता का, यातलं काही विचारलं नाही. पुढं कळलं की आमच्या आधी आलेल्या एका जोडप्याला तात्यांनी लाल तेलावरून परत पाठवलं होतं. ज्याला आपल्या गाडीची गळती दिसत नाही तो नळ काय बंद करणार, असा त्यांचा सवाल होता.

ही गोष्ट दोन हजार पाचच्या आसपासची. हिंजवडीच्या कंपन्या फुगत फुगत नेऱ्याच्या वेशीला टेकल्या होत्या. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांनी इमारती बांधल्या, दारात जीपगाड्या उभ्या केल्या, गळ्यात साखळ्या घातल्या. तात्यांनीही माळाचा एक तुकडा विकला आणि त्यातून काय घेतलं, तर कासार आंबोलीच्या एका बंगल्यात वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली एक लांबलचक पांढरी मोटार. गावात हसू झालं. नव्या गाडीचे पैसे असताना हा माणूस म्हातारी गाडी घेऊन आला! पण त्या गाडीला पॉवर स्टेअरिंग होतं. तात्या ज्याला त्याला खिडकीतून हात घालून करंगळीनं चाक फिरवून दाखवायचे. "बघा. लोनी हाय लोनी."

आणि गंमत म्हणजे ती गाडी ते स्वतः चालवत नसत. पूर्वी चालवायचे म्हणे, जीप, ट्रॅक्टर, सगळं. पण ही गाडी आणली तशी आपण होऊन किल्ली खाली ठेवली. "मालकानं बाजूला बसायचं असतंय," म्हणायचे. गाव म्हणालं, जमीन विकली आणि शिंगं फुटली.

"मग चालवणार कोण?" मी एकदा विचारलं.

तात्यांनी अंगठा खांद्यावरून मागं नेला. मागं चुलीपाशी काकू होत्या. काकूंनी उत्तरादाखल पातेलं आदळलं.

काकूंचा उजवा खांदा धरलेला होता. जन्मभर भाताची लावणी केली, विहिरीचं पाणी शेंदलं, आता तो हात कानाच्या वर जात नव्हता. त्यांचं माहेर कोळवणला. एसटीनं जायचं म्हणजे पौडला बदला, ताटकळा, पिशव्या उचला. तात्यांनी ठरवलं होतं की बायको दसऱ्याला स्वतः गाडी चालवत माहेरी जाणार. एकटीनं जायला लागलं तरी अडता कामा नये. साध्या गाडीचं चाक तिच्या खांद्याला ओढवणार नाही, म्हणून हे लोण्याचं स्टेअरिंग. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन बारामतीला. ती फोनवर हसली. भावकी हसली. साठीला टेकलेली बाई, नऊवारी नेसून, पायात चप्पल न घालता गाडी शिकणार! मीही हसले, खोटं कशाला बोलू.

"पण दसऱ्यालाच का, तात्या? पुढच्या वर्षी गेल्या तर कोळवण काय पळून जातंय?"

"दसऱ्याच्या आत ईल तिला," तात्या म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले. अवघड प्रश्न आला की त्यांना म्हैस आठवायची.

आता तात्यांचं शास्त्र सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पॉवर स्टेअरिंग हलकं का, तर एक पंप त्यात दाबानं तेल ढकलतो. पंप कोण फिरवतं, तर इंजिनावरचा रबरी पट्टा; इंजिन गार ठेवणाराही तोच. तेल वर, पट्टा खाली. वरून कुठूनतरी थेंब थेंब गळतं, पट्टा तेलानं माखतो, सटकायला लागतो, किंचाळतो, त्याच्या कडेचे दोरे निघतात, आणि एक दिवस चिंध्या होतात. अडाणी मालक नवा पट्टा बसवतो आणि खूश होतो. महिन्याभरात पुन्हा तेच. "पट्ट्याला शिव्या दिऊ नका," तात्या म्हणायचे, "वरनं काय गळतंय ते बघा."

हे वाक्य त्यांना कुठंही चालायचं. शेजारच्यांची सून भांडून माहेरी गेली, की "पट्टा तुटला. वर सासू गळतीया." माझ्या ऑफिसात एकापाठोपाठ तिघांनी राजीनामे दिले, मी वैतागून जिन्यात बसून सांगत होते. तात्या म्हणाले, "साहेब बदला." साहेब बदलला नाही, पण निदान चुकलं नव्हतं. इतकंच काय, माझ्या नवऱ्याला सर्दी झाली तेव्हाही त्यांनी वर बघायला सांगितलं. नवरा तासभर छताकडे बघत पडला होता.

सगळ्यात कहर झाला तो मारुंजीच्या एका लग्नात. नवरदेवाची फुलं लावलेली गाडी मांडवापाशी उभी. तात्या अक्षता हातात घेऊन चालले होते, ते मध्येच बसले. गाडीखाली बोट फिरवलं, माझ्यासमोर धरलं.

"रंग सांगा, ताई."

"लाल!" मी म्हटलं. मला तोवर या परीक्षेची गोडी लागली होती.

"गाडी हलवू नका!" तात्या ओरडले. सनई थांबली. नवरदेवाचा बाप धावत आला, मागून करवल्या, मागून भटजी. तात्यांनी सगळ्यांसमोर बोट नाकाशी नेलं, मग जिभेला लावलं, आणि जोरात थुंकले.

"कात हाय. गाडी ठीक हाय. डायवर गळतुया."

तोंड लालभडक केलेला ड्रायव्हर पान गिळून टाकून उभा राहिला. त्यानंतर गावानं त्यांना 'गळतीतात्या' असं नाव ठेवलं. ते नाव त्यांनी निमूट घेतलं.

अजून एक खोड सांगायची राहिली. तात्या समोरच्याकडे कधी सरळ बघत नसत. मान कलती करून, कोंबडीसारखं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. मला पहिल्यांदा वाटलं, भाडेकरूंना तुच्छ समजतात. नवरा म्हणाला, बाईमाणसाशी बोलताना नजर देत नसतील, जुनी माणसं. मग ते म्हशीकडेही तसंच बघतात हे दिसलं, तेव्हा आमची दोघांची समजूत निकालात निघाली.

आणि काकू? काकू म्हणजे आवाजच. चहाचा कप ठेवायचा तर ठण्णकन. "चहा ठिवलाय, उजव्या हाताला!" असं अख्ख्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. दारातून आत येताना बांगड्या वाजवत, जोडवी आपटत. उंबऱ्यात पाटी असली की "पाटी हाय हितं, मेली!" म्हणून पाटीलाच शिवी. मला वाटायचं, नवऱ्यावरचा राग भांड्यांवर काढतात बिचाऱ्या. एका छताखाली दोन नमुने.

उन्हाळ्यात काकूंची शिकवणी सुरू झाली. हिंजवडीच्या मोटार ट्रेनिंगवाल्याकडं त्या लहान गाडीवर शिकल्या आणि लायसनही मिळवलं. पण मोठ्या गाडीचा सराव घराच्या मागच्या भाताच्या खाचरात. भात कापून गेलेलं, जमीन वाळून टणक झालेली, बांधाला धडकलं तरी नुकसान बांधाचंच. तात्या बाजूला बसून बैलाला सांगावं तसं सांगायचे. काकू ब्रेक दाबताना तोंडानं "हो हो हो" म्हणायच्या. गाडी थांबायचीसुद्धा. आठवड्यात काकू खाचरात आठाचा आकडा काढायला लागल्या, आणि मी हसायची थांबले.

मग एका सकाळी बॉनेटखालून डुक्कर मारल्यासारखा आवाज आला, फट्‌फट्‌ झालं आणि गाडीखालून काळ्या चिंध्या उडाल्या. काकू वळणावर होत्या. लोण्याचं चाक क्षणात दगड झालं. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, खांद्यातून कळ गेली, गाडी बांधावर चढून बसली.

"बंद कर! तापंल इंजिन!" तात्या ओरडले.

काकू खाली उतरल्या, खांदा धरून ढेकळात बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. "मला नगं ही गाडी. मी जाईन एसटीनं. न्हाईतर जायचीच न्हाई."

तात्या बांधावर बसून त्या तेलकट चिंध्या बोटांनी उलगडत, नाकाशी नेत राहिले. इतका घाबरलेला माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता. एका पट्ट्यासाठी एवढं? मला त्यांचा रागच आला. बायकोच्या खांद्याकडे बघायचं सोडून हे तेल हुंगत बसले होते.

घोटावड्याच्या मिस्त्रीनं नवा पट्टा बसवला. पावसाळ्यात तोही तेलानं माखून किंचाळायला लागला. तात्यांनी निकाल दिला, पंप गेला. मिस्त्री म्हणाला, पंप चांगला आहे. तात्या ऐकतील तर ना! इंजिनावर सगळीकडे हात फिरवला आणि म्हणाले, "पंपच वला लागतुया." पुण्यात जुन्या बाजारात दोन दिवस फिरून दुसरा पंप आणला. तो बसवला. गळती तशीच. पंपाचा काही दोष नव्हता, तेल सगळीकडेच पसरलं होतं, हात लावाल तिथं ओलं. मी नवऱ्याला म्हटलं, उंटावरचा शहाणा ऐकला होता, हा बॉनेटवरचा.

दसरा पंधरवड्यावर आला. काकूंनी गाडीचं नाव काढणं बंद केलं होतं. तात्या अंगणात येरझाऱ्या घालायचे. एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "ताई, खाली या. आज चोर धरायचा."

युक्ती नामी होती, हे मान्य करायला हवं. त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं सगळं इंजिन पुसून कोरडं केलं होतं. मग काकूंच्या डब्यातलं तांदळाचं पीठ आणून पंपावर, नळ्यांवर, सांध्यांवर भुरभुरलं. गाडी चालू करून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, जिथं गळत असेल तिथं पीठ भिजेल. काकू आतून ओरडल्या, "भाकरीचं पीठ व्हतं ते! उपाशी ऱ्हावा आता!" पण हात पुसत आल्या आणि चाकावर बसल्या.

काकूंनी चाक फिरवलं. इकडे, तिकडे. तात्या आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून. आणि बघता बघता पांढऱ्या पिठात एक लाल डाग उमटला. पंपाला तेल परत आणणारी जी रबरी नळी असते, तिच्या टोकाच्या क्लिपपाशी. लग्नातल्या कुंकवासारखा ठळक. तात्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर.

"हं," तात्या म्हणाले. "कुटं?"

मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी मजा बघत राहिले.

"कुटं, ताई? रंग सांगा."

ते सरळ त्या डागाकडे बघत होते. मग मान कलती केली, या बाजूनं, त्या बाजूनं, कोंबडीसारखी. मग हात पुढं केला, बोट पिठातून चाचपत चाचपत निघालं, फिरणाऱ्या पट्ट्याच्या दिशेनं. मी त्यांचं मनगट धरलं.

"नळीच्या क्लिपपाशी, तात्या. लाल."

"हां," ते म्हणाले. "तेच म्हनतुया मी."

मी मनगट सोडलं नाही. किती दिवस मी या माणसाला रंग सांगत होते, आणि मला वाटत होतं मी परीक्षा देतेय.

गाडी बंद झाल्यावर मी काकूंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. कसं सांगावं कळेना. "काकू, तात्यांना..." एवढंच म्हटलं.

"ठावं हाय," काकू म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की या घरात तो मी पहिल्यांदाच ऐकला. "डोळ्याचा पडदा ग्येला. मधलं दिसत न्हाई, कडंचं दिसतं तेवढंच. मला चोरून पुन्याला डाक्टरकडं ग्येलं व्हतं. माझ्याच भावाला संगं न्हेलं आन त्याला शपथ घातली. त्यो काय शपथ पाळणाऱ्यातला हाय? डाक्टर म्हनला, ग्येलं ते येत न्हाई, ऱ्हायलेलं बी जाईल हळूहळू."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"त्यांनी सांगाय कशाला पायजे? अगं पोरी, जलमभर माझ्याकडं सरळ बघून भांडला ह्यो मानूस. आता तिरकं बघून भांडतुया. कळत न्हाई व्हय मला?" त्यांनी पिठाचा रिकामा डबा पुसायला घेतला. "त्यांना वाटतंय, मला गाडी आली की मी अडनार न्हाई. म्हनून शिकले. खांदा दुखतुया तरी शिकले. तू बोलू नगंस त्यांना. त्यांचं गुपित हाय, असू दे."

बाहेरून तात्यांची पावलं वाजली. काकूंनी कप ठण्णकन ठेवला. "चहा ठिवलाय! उजव्या हाताला!"

तोंडात पदर कोंबावा, तर ओढणीही नव्हती अंगावर. जिना चढताना डोकं आपटलं. तात्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, सांभाळा म्हणून.

मिस्त्रीनं नळीचं चिरलेलं टोक कापलं, नवी क्लिप आवळली, नवा पट्टा चढवला. क्षुल्लक काम. तात्या त्याला म्हणाले, "मी म्हनत व्हतोच, पंप चांगला हाय." मिस्त्री माझ्याकडे बघून हसला. मी नाही हसले.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला. काकू चाकावर, तात्या बाजूला, मी मागं, काकूंच्या आग्रहावरून. आख्खी आळी बघायला जमली होती. काकूंनी पाया पडून गिअर टाकला. तात्या सगळा रस्ता कान देऊन बसले होते. पट्टा एकदाही किंचाळला नाही. पौडला एसटी स्टँडापाशी एका जीपवाल्यानं काकूंना बघून गाडी बाजूला घेतली, भीतीनं की आदरानं कोण जाणे. कोळवणच्या वळणावर काकूंनी चाक दुखऱ्या हातानं, सहज, फडकं फिरवावं तसं फिरवलं. "लोनी हाय लोनी," तात्या पुटपुटले.

काकूंच्या भावाच्या घरासमोर गाडी थांबली. आम्ही उतरलो. सवयीनं मी तात्यांच्या बोटाची वाट बघितली. पण तात्या वाकले नाहीत. ते दरीकडे तोंड करून उभे होते. खाचरांच्या पायऱ्या पार ओढ्यापर्यंत उतरत गेल्या होत्या.

"रंग सांगा, ताई," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं, पण काकूंनी मला हातानं थांबवलं.

"तिला कशाला इचारता? मी हाय की हितं. खालच्या खाचरात पिवळं पडलंय, कापाय आलंय. वरचं आंबेमोहर हिरवं हाय अजून, लोंबी भरतीया. बांधावर भावजयीनं झेंडू लावलाय, भगवा. आन माझा भाऊ सदरा उलटा घालून पळत येतुया, त्याला सांगू नगा."

तात्या म्हणाले, "तुला कवापासनं..."

"साऱ्या गावाला रंग इचारत हिंडलात. मला येकदा इचारायचं व्हतं की."

तात्यांनी मान कलती केली आणि कोपऱ्यातून काकूंकडे बघितलं. "लुगडं कुटलं नेसलीस?"

"मागल्या दिवाळीला तुमी आनलेलं. हिरवं."

"निळं आनलं व्हतं मी."

"व्हय," काकू म्हणाल्या. "तवापासनं."

भाऊ अंगणातून हाका मारत येत होता. काकूंनी तात्यांचा हात आपल्या चांगल्या खांद्यावर ठेवला आणि दोघं घराकडे चालू लागली. मी मागं राहिले, गाडीखाली वाकून बघितलं. एक थेंबही नव्हता, कोरडं ठणठणीत. तरी मी बराच वेळ तशीच वाकून राहिले.